घरातले बाहेर सांगावे का? : अब्दुल्ला सिद्रान यांच्या पटकथा

बोस्नियाचे कवी आणि पटकथाकार अब्दुल्ला सिद्रान 23 मार्च 2024 रोजी सारायेवो येथे निवर्तले. मराठी नियतकालिकांतून त्यांच्याविषयी काही लिहून आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. बोस्निया म्हटले की आपल्याला 1992 ते 1995 चे युद्ध आठवते, स्रेब्रेनित्सा आठवते, पाडलेल्या मशिदींची छायाचित्रे आठवतात. पण ज्यांच्यासाठी आपण हळहळलो ते लोक घरात कसे राहत, कशावरून भांडत, बाप मुलांशी कसा बोले, मामा-आत्या लग्नाला जमल्या की काय बोलणे होई, हे आपल्याला कुणी सांगितले नाही. सिद्रान यांनी ते सांगितले आहे, आणि या युद्धाच्या दहा-अकरा वर्षे आधीपासून सांगितले आहे. त्यांच्या पटकथांतले युद्ध म्हणजे त्याआधीचे, दुसरे महायुद्ध. ते संपले आहे, विजय साजरा होऊन गेला आहे, आणि आता लोकांना नुसते जगायचे आहे.

त्यांच्या चार पटकथा आम्ही येथे विचारात घेतल्या आहेत. 'डॉली बेल आठवते का?' (1981) आणि 'बाबा कामानिमित्त परगावी' (1985) हे चित्रपट एमिर कुस्तुरिका यांनी दिग्दर्शित केले. 'कुदूझ' (1989) आणि 'परिपूर्ण वर्तुळ' (1997) आदेमिर केनोविच यांनी. मराठी नावे आमची आहेत. पहिल्या दोन चित्रपटांचे श्रेय जगभरच्या समीक्षेने बहुतांशी कुस्तुरिकांच्या पदरात टाकले. पटकथाकाराच्या वाट्याला हे नेहमीच येते. पण कुस्तुरिकांचे नंतरचे, सिद्रान यांच्याविना केलेले चित्रपट पाहिले की फरक ध्यानात येतो. तिथे बँड वाजतो, गोंगाट होतो, माणसे हवेत तरंगतात, आणि एका टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेले ते कुटुंब मात्र हळूहळू दिसेनासे होते. ते कुटुंब सिद्रान यांचे होते.

आम्हाला यात विशेष रस वाटतो तो एका जुन्या प्रश्नामुळे. अल्पसंख्य समाजातला लेखक घरातले लिहू लागला की त्याची दोन्हीकडून कोंडी होते. घरचे म्हणतात, आपलीच लक्तरे वेशीवर का टांगतोस? बाहेरचे म्हणतात, बघा, हे लोक असेच. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी 1965 साली आली, तेव्हापासून मराठीत हा वाद आहेच. दलवाईंच्या विचारांशी ज्यांचे जमत नाही (आणि आमच्या वाचकांत असे पुष्कळ असतील) त्यांनाही कोकणातल्या गावाचे ते चित्र कादंबरी म्हणून सहज बाजूला सारता आलेले नाही. आपल्यातला बहुतेक लेखक या कोंडीतून एक वाट काढतो. तो घरातली माणसे गरीब, कष्टाळू आणि सोशिक दाखवतो. वाईट जे असेल ते बाहेरून येते. दंगल बाहेरून येते, पोलीस बाहेरून येतात, बेकारी बाहेरून येते. यात खोटे काही नाही, पण अशा घरातल्या माणसांना वाईट वागण्याची मुभाच उरत नाही, आणि ज्याला वाईट वागता येत नाही तो माणूस कागदावर फार काळ जिवंत राहत नाही. सिद्रान यांनी ही वाट घेतली नाही.

सिद्रान यांचा जन्म 1944 चा, सारायेवोजवळच्या बिन्येझेवो या गावातला. युगोस्लाव्हियात त्या महायुद्धात सुमारे 10 लाख माणसे मेली. युद्धानंतर टिटोंच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट राजवट आली, आणि 1948 च्या जूनमध्ये स्टालिन आणि टिटो यांचे फाटले. कालपर्यंत स्टालिनचे नाव भिंतीवर लिहिणे हे देशप्रेम होते. ते एका रात्रीत देशद्रोह झाले. ज्यांना ही उडी वेळेत मारता आली नाही, किंवा मारली तरी ज्यांच्यावर कुणी बोट दाखवले, अशा हजारोंना 1949 पासून आड्रियाटिक समुद्रातल्या गोली ओतोक नावाच्या उघड्याबोडक्या खडकाळ बेटावर दगड फोडायला पाठवण्यात आले. सिद्रान यांचे वडील त्यांपैकी एक. तेव्हा मुलगा चार-पाच वर्षांचा असेल. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी त्याने या गोष्टीची पटकथा लिहिली, तेव्हा त्यात बेटही नाही आणि दगडही नाहीत. आहे ते फक्त वडील नसलेले घर.

'बाबा कामानिमित्त परगावी' सुरू होतो 1950 च्या उन्हाळ्यात. शेतात काम करणाऱ्यांपुढे फ्रान्यो नावाचा एक म्हातारा गिटार घेऊन मेक्सिकन गाणी म्हणतो आहे. मेक्सिकनच का, तर आजकाल तीच सुरक्षित आहेत. रशियन गाणे म्हणावे तर पंचाईत, अमेरिकन म्हणावे तरी पंचाईत. मेक्सिको कुणाच्या अध्यातमध्यात नाही. एवढ्या एका प्रसंगात सिद्रान राजवटीचे सगळे सांगून मोकळे होतात आणि घराकडे वळतात. मेशा हा घरचा कर्ता, मजूर खात्यातला बऱ्यापैकी वजनदार माणूस आणि बाईवेडा. अंकित्सा नावाच्या बाईबरोबर आगगाडीतून परतताना तो वर्तमानपत्रातले एक व्यंगचित्र पाहतो. कार्ल मार्क्स लिहायला बसले आहेत आणि त्यांच्या मागे भिंतीवर स्टालिनची तसबीर. मेशा म्हणतो, हे जरा अतीच झाले. एवढेच वाक्य. बायकोला सोडून आपल्याशी लग्न करावे असे अंकित्साला वाटत असते, तो करत नाही, म्हणून रागारागात ती हे वाक्य झियोला सांगते. झियो अधिकारी आहे, पक्षात त्याचे वजन आहे, आणि तो मेशाच्या बायकोचा, सेनाचा, सख्खा भाऊ आहे. म्हणजे मुलांचा मामा.

आता पाहा, झियो भाच्यांच्या घरी येतो तो कोणत्या दिवशी? मलिक आणि मिर्झा या दोन भावांच्या सुंतेच्या दिवशी. घरात पाहुणे जमले आहेत, मुले भेदरली आहेत, बायकांची लगबग चालली आहे. बोस्नियन लोक या विधीला 'सुनेत' म्हणतात. आपल्या 'सुंता' शब्दाचे मूळही तेच. आणि याच गर्दीत मामा मेहुण्याला बाजूला घेतो आणि आपल्याबरोबर चल म्हणून सांगतो. मलिक जेमतेम सहा वर्षांचा. त्याला सांगण्यात येते की बाबा कामानिमित्त परगावी गेले आहेत. सगळ्या घराने मिळून बोललेले हे खोटे, आणि चित्रपटाचे नाव तेच.

या प्रसंगात धर्माविषयी एक शब्द नाही. सुंता का करतात, कम्युनिस्ट बाप मुलांची सुंता कशी करतो, असे कुणी कुणाला विचारत नाही. ज्या समाजाला स्वतःच्या नावाने जनगणनेत स्थान मिळायलाही 1971 उजाडावे लागले, त्या समाजाविषयी लिहिताना समजावून सांगण्याचा केवढा मोह झाला असता! सिद्रान काहीच समजावत नाहीत. मलिक हे नाव, सुंता, दादाजीचे पुटपुटणे, दारू पिणारा बाप, भिंतीवर टिटो हे सगळे एकाच खोलीत आहे, कारण त्या खोलीत ते होते. आपल्याकडे हिंदी-मराठी चित्रपटांत मुसलमानाचे घर दाखवायचे म्हणजे आधी अजान, मग हिरवी चादर, मग आदाब. प्रेक्षकाला पत्ता सापडावा म्हणून हे सगळे. सिद्रान यांच्या प्रेक्षकाला पत्ता विचारावा लागत नाही. त्याला घरात थेट बसवले जाते आणि कुणीतरी म्हणते, सरक जरा, ताटे मांडायची आहेत.

कुणी 'गर्म हवा'ची आठवण काढील, आणि ती योग्यच आहे. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेल्या आणि एम. एस. सथ्यू यांनी 1973 साली केलेल्या त्या चित्रपटातही सरकार थेट घरात शिरते. हवेली पाकिस्तानात गेलेल्या भावाच्या नावावर, म्हणून आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झांच्या हातून ती जाते. घर सोडायचे नाही म्हणून म्हातारी आई अडगळीत दडून बसते. बलराज साहनींचे ते काम विसरता येणारे नाही. पण 'गर्म हवा'तला सलीम मिर्झा निर्दोष आहे. त्याच्यावर जे येते ते तो सोसतो, आणि आपल्याला त्याच्याबरोबर रडता येते. मेशाबरोबर इतक्या सहज रडता येत नाही. तो अन्यायाने तुरुंगात गेला आहे, पण त्याला तिथे पोचवणारा राग त्यानेच एका बाईच्या मनात पेरला होता. आणि ज्याने त्याला नेले तो काही अनोळखी हवालदार नाही. सेना भावाच्या दारात जाऊन नवऱ्याविषयी विचारते आणि भाऊ तिला काही सांगत नाही, ते पाहताना, भावाकडून आलेल्या तिळाएवढ्या दुखण्याचीही ज्यांना माहेरची ओढ लपवावी लागली आहे, अशा आपल्याकडच्या कितीतरी बायका आम्हाला आठवल्या.

खाणीतली सक्तमजुरी संपल्यावर मेशाला द्रीना नदीकाठच्या झ्वोर्निक या गावी पाठवतात आणि कुटुंब तिथे जाऊन राहते. सारायेवोसारखे शहर सोडून लहान गावात आलेल्या माणसांचे जे होते ते यांचेही होते. सगळ्यांना सगळे ठाऊक, आणि कुणी काही बोलत नाही. या भागातला चित्रपट आम्हाला सर्वांत आवडतो. मलिक झोपेत चालतो. खऱ्या चामड्याच्या फुटबॉलसाठी पैसे साठवतो. रशियन डॉक्टरची माशा नावाची आजारी मुलगी त्याला आवडते, आणि एके दिवशी तिला घेऊन जातात ती परत येत नाही. मोठा भाऊ मिर्झा सिनेमाच्या नादात असतो. युद्धानंतरचे आयुष्य म्हणजे हेच, लहानसहान गोष्टींनी भरलेले आणि मधोमध एक मोठी न बोललेली गोष्ट. मोठ्यांनी जे गिळले ते मुलगा रात्री झोपेत घेऊन फिरतो असे म्हणता येईल, पण सिद्रान असे कुठे म्हणत नाहीत. ते मुलाला फक्त चालू देतात.

चित्रपटाचा शेवट 22 जुलै 1952 रोजी होतो. त्या दिवशी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला फुटबॉलमध्ये 3-1 ने हरवले. चित्रपटात त्याच दिवशी सेनाच्या धाकट्या भावाचे, फाह्रोचे, लग्न आहे. रेडिओवर सामना, अंगणात मांडव, आणि सगळे एकत्र. झियो आहे, अंकित्सा आहे (ती आता झियोची बायको झालेली), मेशाही आहे. ज्यांनी एकमेकांना उद्ध्वस्त केले ते एका टेबलावर बसून जेवतात. आपल्याकडे निकाहाला जमलेल्या चुलत्या-मावळ्यांत हे दृश्य कुणी पाहिले नसेल? सगळ्यांत म्हातारा मुझाफेर, मुलांचा दादा, तेवढा उठतो. तुमच्या राजकारणाला एक शिवी हासडून, गाठोडे घेऊन वृद्धाश्रमाची वाट धरतो. पावले वुइसिच या नटाने हा म्हातारा असा चालवला आहे की त्याची पाठ अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि याच लग्नात या चित्रपटाचा सर्वांत मोठा दोष आहे, त्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मेशा अंकित्साला तळघरात नेतो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो. मलिक ते बाहेरून पाहतो. त्यानंतर ती संडासात गळफास घेऊ पाहते, आणि तो प्रयत्न जवळजवळ हसू यावे अशा रीतीने फसतो. 1985 साली कानला या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, मिलोश फोरमन परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. पण या दृश्यावर कुणी अडखळल्याचे दिसत नाही. आम्ही अडखळलो. मेशाचा हा सूड आहे, तो नीच आहे, हे सिद्रान यांना ठाऊक आहे. घरातला पुरुष दाखवायचा तर असाही दाखवला पाहिजे हेही आम्हाला मान्य. पण दाखवल्यानंतर कॅमेरा कुणाकडे वळतो? पुन्हा मेशाकडे, त्याच्या थकल्या चेहऱ्याकडे. अंकित्साला एक गंमत होऊन राहावे लागते. सगळे घर उघडे करणारा लेखकही बापाला माफ करायला किती उतावीळ असतो, ते इथे दिसते. मुलाने वडिलांविषयी लिहिलेल्या गोष्टीत हा धोका असतोच, आणि मराठीत मुसलमान लेखकांनी लिहिलेल्या अनेक आत्मकथनांतही तो आहे. अब्बा कडक होते, अब्बा मारत, पण अब्बांचे मन मोठे होते. अम्मीचे मन किती मोठे होते ते विचारायला मात्र कुणाला सुचत नाही. मिरियाना कारानोविच यांनी सेनाचे काम एवढे ताकदीने केले नसते तर या चित्रपटातही अम्मी शिवणकामाच्या यंत्रामागेच राहिली असती.

'डॉली बेल' आधीचा आणि लहान चित्रपट आहे. काळ 1960 नंतरचा. एका खोलीत राहणारे कुटुंब, सरकारी सदनिका मिळण्याची वाट पाहणारे. बाप माहो, पक्का कम्युनिस्ट आणि पक्का दारुडा, घरातला प्रश्न आला की सगळ्यांना टेबलाभोवती बसवून रीतसर बैठक घेतो आणि एका मुलाला इतिवृत्त लिहायला लावतो. संमेलनांच्या आणि संस्थांच्या बैठकांत ज्यांची हयात गेली त्या आपल्या वाचकांना ही दृश्ये फार आवडतील. दिनो हा मुलगा सशावर संमोहनाचे प्रयोग करतो, गुंडाने लपवायला दिलेल्या मुलीच्या प्रेमात पडतो. बाप आजारी पडून मरतो आणि नंतर घर मिळते. हे सगळे सारायेवोच्या गल्लीतल्या बोलीत आहे, छापील भाषेत नाही. 1981 साली व्हेनिसला पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. 'कुदूझ' विषयी थोडक्यात सांगायचे तर तुरुंगातून सुटलेला एक माणूस मुलगी असलेल्या बाईशी लग्न करतो, त्या मुलीवर जीव लावतो, आणि संशयाने पेटून खुनापर्यंत जाऊन रानोमाळ पळतो. खऱ्या घटनेवर बेतलेला हा चित्रपट कसदार आहे, पण त्यात सिद्रान यांचे नेहमीचे भरलेले घर नाही, आणि आम्हाला तेच चुकल्यासारखे वाटले.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओटोमन काळात आलेले अरबी-फारसी-तुर्की शब्द बोस्नियन बोलीत मुरले आहेत. गल्लीवस्तीला ते 'माहाला' म्हणतात, पेटीला 'संदूक', अंत्यविधीला 'जेनाझा', वैऱ्याला 'दुश्मानिन'. सिद्रान यांचा वेढ्याच्या काळात, 1993 साली आलेला एक कवितासंग्रह आहे, 'सारायेव्स्की ताबूत'. बोस्नियात ताबूत म्हणजे मय्यत नेण्याची पेटी. आपल्याकडे ताबूत म्हटले की मोहरम आठवतो, गावातले सगळ्या जातींचे लोक आठवतात, ढोल आठवतात. शब्द एकच, आणि दोन देशांत तो दोन वाटांनी गेला. या संग्रहाचा कुणी मराठी अनुवाद केला तर नाव बदलावे लागणार नाही. पण मराठी वाचक ते भलतेच वाचील.

1992 च्या एप्रिलमध्ये सारायेवोला वेढा पडला, तो 1996 च्या फेब्रुवारीत उठला. त्याच एप्रिलात झ्वोर्निक सर्ब निमलष्करी टोळ्यांच्या हाती गेले. मुसलमानांना मारण्यात, हाकलण्यात आले, मशिदी पाडल्या गेल्या. ज्या गावात मलिकने चेंडूसाठी पैसे साठवले त्या गावात मलिक हे नाव असणे जिवावर बेतणारे ठरले. सिद्रान वेढलेल्या शहरात राहिले. कुस्तुरिका दुसरीकडे गेले आणि दोघांचे कायमचे तुटले. कुटुंबाच्या या कथामालेचा पुढचा भाग एकत्र होणे त्यानंतर शक्य नव्हते.

'परिपूर्ण वर्तुळ' हा वेढ्यातला चित्रपट. वेढा उठल्याला वर्ष-दीड वर्ष झाले असताना तो कान महोत्सवात दाखवला गेला. चित्रीकरण त्याच भग्न शहरात झालेले. हम्झा हा कवी आहे. बायको-मुलगी शहराबाहेर निघून गेल्या आहेत. स्वतःला फास लावल्याचे त्याला पुन्हा पुन्हा दिसते. त्याच्या घरात दोन भाऊ येतात, आदिस आणि मुकाबहिरा केरिम. त्यांचे गाव मारले गेले आहे. आत्याच्या शोधात ती पोरे शहरात आली आहेत. गावाचे आता एवढेच उरले आहे, दोन मुले आणि एका नातलगाचे नाव. हम्झा त्यांना सांभाळतो, जखमी कुत्र्याला चाकांचा गाडा करून देतात, पाण्यासाठी रांगा लावतात. हम्झाला हाताने अचूक वर्तुळ काढता येते.

हम्झाचे काम मुस्तफा नादारेविच यांनी केले आहे. हेच नादारेविच बारा वर्षांपूर्वी मामा झियो झाले होते. 2020 साली ते वारले. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहणाऱ्याला हा चेहरा चटका लावतो. ज्याने आपल्याच बहिणीचे घर मोडले, त्याच चेहऱ्याचा माणूस परक्यांच्या पोरांसाठी घर मांडतो. दिग्दर्शक दुसरा, गोष्ट दुसरी, तेव्हा यात योजना शोधायला नको. पण आम्हाला तो चेहरा एकच वाटत राहिला.

आणि आता मूळ प्रश्न. 'परिपूर्ण वर्तुळ'मध्ये वाईट सगळे बाहेरून येते. डोंगरावरून गोळी येते, गोळा येतो. आतली माणसे चांगली आहेत. हम्झा पितो, खचतो, पण कुणाचे वाकडे करत नाही. वेढलेल्या सारायेवोत काळा बाजार होता, टोळ्या होत्या, दुसऱ्याच्या तोंडचा घास विकणारे होते. मेशा आणि झियोंना जन्म देणाऱ्या लेखकाला ही माणसे ठाऊक नव्हती असे होणार नाही. पण त्याने त्यांना घराबाहेर ठेवले. का, ते उघड आहे. शेजाऱ्याचे प्रेत दारात असताना त्याच्या खोड्या कुणी सांगत नाही. आम्हाला हे समजते, आणि तरी हा चित्रपट आधीच्या दोहोंच्या खाली वाटतो. काही दृश्ये कायमची मनात बसतात, पण मधूनमधून हम्झा माणूस न राहता दुःखाचा पुतळा होतो. ज्यांनी मेशाला माफ केले नसते त्यांनाही मेशा आठवतो; हम्झाचे वर्तुळ आठवते, हम्झा पुसट होतो. हल्ला करणारा तुमच्या लोकांना मारतो तेव्हा तुमच्या लेखकाकडून त्यांचे दोषही काढून घेतो, आणि त्या माणसांचा एक भाग दुसऱ्यांदा नाहीसा होतो. हे 1992 नंतरच्या मुंबईविषयी, 2002 नंतरच्या गुजरातविषयी लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनाही लागू नाही का? त्या काळातल्या आपल्या किती कथांतला मुसलमान बाप चिडका आहे, कंजूष आहे, बायकोशी खोटे बोलतो? आम्ही आठवून पाहिले. फार सापडले नाहीत.

बोस्नियात हे पुढे कुणी उचलले, तर ते बायकांनी. आइदा बेगिच यांचा 'स्निएग', म्हणजे 'बर्फ', हा 2008 चा चित्रपट त्यांनी एल्मा तातारागिच यांच्याबरोबर लिहिला आहे. कानच्या समीक्षक सप्ताहात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. काळ 1997 चा, गाव पूर्व बोस्नियातले. गावात पुरुष जवळजवळ उरलेलेच नाहीत. एक म्हातारा आहे, एक लहान मुलगा आहे. बाकीचे सगळे युद्धात बेपत्ता. बायका आलुबुखाराचा मुरंबा करून रस्त्याकडेला विकतात. अल्मा ही तरुण विधवा, डोक्याला रुमाल बांधणारी, वजू करणारी. सिद्रान यांच्या घरात जी गोष्ट सुंतेपुरती, ताबूतापुरती आली ती इथे रोजची आहे, आणि तीही कुणी समजावून सांगत नाही. मग कंपनीची माणसे सगळे गाव विकत घ्यायला येतात. बायकांचे एकमत होत नाही. कुणाला विकून जायचे आहे, कुणाला मेलेल्यांची हाडे सापडल्याशिवाय हलायचे नाही, आणि त्या एकमेकींना लागेल असे बोलतात. सासू, सून, शेजारीण, सगळ्यांना राग येतो, सगळ्यांना स्वार्थ आहे. युद्धाने एवढे सोसलेल्या या बायकांना लेखिकांनी पुन्हा भांडायला मोकळे केले आहे. बेपत्ता पुरुषांचा ठावठिकाणा अखेर गावाला कळतो. तोपर्यंत आपल्याला या घरांतली प्रत्येक बाई वेगवेगळी ओळखू येऊ लागलेली असते, कुणाचा आवाज चढतो आणि कुणी मुरंब्याच्या पातेल्याजवळ गप्प बसते तेही.

झ्वोर्निकच्या नावाचे सिद्रान यांचे एक नाटक आहे. त्या गावात मी काळीज ठेवून आलो असा त्याच्या नावाचा अर्थ. मलिक, सेना, मेशा यांच्या घराचे पुढे काय झाले हे पडद्यावर यायचे राहून गेले, आणि आता ते लिहिणारे सिद्रानही नाहीत. त्यांचे चित्रपट परभाषी उपशीर्षकांसह पाहायला मिळतात. तरुण वाचकांनी सुरुवात 'बाबा कामानिमित्त परगावी'पासून करावी, आणि शक्य तर घरच्यांबरोबर बसून पाहावा. तळघराच्या दृश्याला कोण उठून जाते आणि कोण बसून राहते, तेही पाहावे.